माळ्यावरचा व्हिडिओ गेम: जुन्या कॅसेटी, नवे गेम आणि आपलं पन्नासचं मशीन

सेलूहून एका वाचकाने विचारलं आहे. माळ्यावर जुना कॅसेटचा व्हिडिओ गेम सापडला, सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि चार कॅसेटी. घरात आठ आणि अकरा वर्षांची मुलं आहेत. मशीन दुरुस्त करून घ्यावं, की बाजारातला नवा ‘६२० इन १’ डबा, म्हणजे आतच गेम भरून येतो तो, आणावा? आणि या जुन्या मशीनसाठी आता कुणी नवे गेम बनवतं का?

दुरुस्त करा. नवे गेम बनतात, त्यातले बरेच फुकट मिळतात आणि काही तर जुन्यांच्या तोडीचे आहेत. मी परभणीत टीव्ही दुरुस्ती करता करता या मशीनच्या नादी लागलो, आता टीव्हीची कामं कमी झाली आणि नाद तेवढा उरला. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी तुमच्या हातात काय आहे ते समजून घ्या. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ आणला. १९८५ मध्ये तोच वेगळ्या पेटीत अमेरिकेत गेला, तिथे त्याचं नाव एनईएस. आपल्याकडे मीडियासारख्या नावांनी किंवा बिननावाचे जे डबे आले, त्यातले बहुतेक आतून फॅमिकॉमच. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकन कॅसेटला ७२. त्यामुळे परदेशातल्या भाच्याने ‘जुनी ओरिजिनल कॅसेट’ आणून दिली तरी ती तुमच्या खाचेत बसणार नाही. बळजबरी करू नका, खाचेच्या पत्त्या वाकतात.

आता खरी गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. जपान-अमेरिकेतलं मशीन सेकंदाला ६० चित्रं दाखवतं. आपला टीव्ही ५० चा. म्हणून आपल्यासाठी जे डबे बनले त्यात तैवानच्या यूएमसी कंपनीच्या ६५२७पी आणि ६५३८ या चिपा असायच्या. त्यांनी मधला मार्ग काढला. प्रोसेसरचा वेग जपानी मशीनच्या जवळपास ठेवला, १.७७ मेगाहर्ट्झ (मूळचा १.७९), आणि चित्रं मात्र ५० केली. परिणाम असा की आपल्याकडचा मारिओ जपानी मारिओपेक्षा सहापैकी एक हिस्सा संथ पळतो. गाण्याचा सूर तोच, लय मात्र धीमी. इंटरनेटवर तोच खेळ पाहून ‘हे गाणं पळवलंय’ असं वाटतं ना, ते पळवलेलं नाही. आपण लहानपणी ऐकलं तेच विलंबित होतं.

तुमचं मशीन कोणतं हे बघायला पेचकस लागत नाही. मारिओ लावा, पहिल्या लेव्हलला टाइम ३०० वर आला की मोबाइलचं स्टॉपवॉच चालू करा, २०० वर आला की बंद करा. मारिओचा एक आकडा २४ चित्रांना उतरतो. ४८ सेकंदांच्या आसपास आले तर मशीन ५० चं, ४० आले तर ६० चं. हा हिशेब पुढे नवे गेम घेताना कामाला येईल.

चालू करण्याआधी अडॅप्टर. माळ्यावर मशीनसोबत सापडलेला अडॅप्टर त्याच मशीनचा असेल यावर भरवसा ठेवू नका, रेडिओचा असू शकतो. व्होल्टेज आणि पिनेचं प्लस-मायनस मीटरने तपासा. काही डब्यांत मधली पिन मायनस असते, काहींत प्लस. उलटं लागलं की आतला ७८०५ रेग्युलेटर किंवा त्याच्या पुढचं काहीतरी जातं. हा ७८०५ बाहेरून आलेल्या नऊ व्होल्टचे पाच करून चिपांना देतो. त्याला आत किमान सातेक व्होल्ट लागतात. रब्बीत सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम चालू झाल्या की गावात व्होल्टेज बसतं, साधा ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर सहावर येतो आणि गेम मधेच गोठतो. लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. माझ्याकडे अशा ‘खराब’ कॅसेटी पिशवीभर आल्या, निम्म्याहून जास्त धडधाकट निघाल्या. आजचा नऊ व्होल्टचा स्विचिंग अडॅप्टर, जो वायफायच्या डब्याला येतो तसा, घ्या. तो १०० ते २४० व्होल्टमध्ये तग धरतो. पिन मात्र बदलावी लागेल.

मग कॅसेट. फुंकर मारायची नाही. माहीत आहे, आपण सगळ्यांनी मारली आहे, आणि मारल्यावर चालायचीसुद्धा. चालायची ती फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा घातल्याने. पिन घासली जाते आणि संपर्क होतो. तोंडातला ओलावा मात्र तिथेच राहतो आणि तांबं हिरवं पडतं. आपल्या भागातली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, ती या ओलीवर बसली की चिखलच. पिनांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुसा. पॉलिश पेपर नको, पेट्रोल तर नकोच. खाच साफ करायला जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळून तेच अल्कोहोल लावून दोन-चारदा आतबाहेर करा. रिमोटचं बटण जोरात दाबावं लागत असेल तर पाठीमागचे स्क्रू काढा, रबराखालची काळी गोल टिकली पुसा. त्या टिकलीखेरीज रिमोटमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. वायर मुडपून तुटलेली असली तर डाग (सोल्डर) द्यावा लागेल.

टीव्हीबद्दल माझं मत ठाम आहे. डब्बा टीव्ही शोधा. एकेकाळी संभाजीनगरजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, त्यामुळे मराठवाड्यात घरटी त्यांचा सेट असायचा. भंगारवाल्याकडे आजही सापडतो, समोर किंवा बाजूला पिवळी-पांढरी एव्ही पिन असलेला बघून घ्या. सपाट टीव्हीवरही चित्र येतं, पण तो टीव्ही आधी चित्र साठवतो, ताणतो, मग दाखवतो. बटण दाबणं आणि उडी यांत फट पडते आणि मारिओ खड्ड्यात जातो. मुलाला वाटतं आपल्याला जमत नाही. आणि तुमच्याकडे बंदूक आहे, तिला तर डब्बा टीव्हीशिवाय गत्यंतरच नाही. चाप ओढला की ‘डक हंट’ एका क्षणासाठी पडदा काळा करतो, पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक, म्हणजे कोणतं मेलं ते कळतं. ट्यूबलाइटवर धरून लबाडी करायचो ती म्हणूनच फसायची, तिथे अंधाराचा क्षणच येत नाही. सपाट टीव्हीवर चौकोन उशिरा येतो, तोवर बंदुकीने बघणं सोडलेलं असतं. आणखी एक: बंदुकीसोबत रिमोट जोडून एका बदकाच्या खेळात बदक हवं तिकडे उडवता येतं. धाकट्याला बदक द्या, थोरल्याला बंदूक.

आता कॅसेटी. ‘९९९९ इन १’ वरचा आकडा वाचूच नका. शाळेत असताना मी वहीत रेघा मारून अशी एक कॅसेट मोजली होती. खरे गेम निघाले सात. बाकी तोच मारिओ पाचव्या लेव्हलपासून, तोच मारिओ उंच उडीवाला, तेच टँक दुसऱ्या नावाने. तुमच्या चारांत ‘काँट्रा’ आहे असं लिहिलंय. कोनामीचा १९८८ चा गेम, दोघांनी मिळून खेळायचा. सुरुवातीच्या पडद्यावर वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए, मग स्टार्ट. तीस जीव मिळतात. ही ओळ मूळ काँट्राची नाही. १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ या गेमवर काम करताना काझुहिसा हाशिमोतो यांनी तो स्वतःला खेळायला जड जातो म्हणून आत घालून ठेवली होती. मुलांना ती पहिल्या दिवशी सांगू नका. तीन जिवांवर दोन दिवस रडू द्या, मग सांगा.

काँट्रात गर्दी झाली की गोळ्या लुकलुकतात, अधूनमधून दिसेनाशा होतात, आणि न दिसलेल्या गोळीने माणूस मरतो. मशीन बिघडलेलं नाही. पडद्याच्या एका आडव्या ओळीत हे मशीन आठच हलते तुकडे दाखवू शकतं, प्रत्येक तुकडा आठ ठिपके रुंद. दोन गडी समोरासमोर उभे राहिले की चार तुकडे संपले. नववा आला की गेम पाळीपाळीने लपवतो, म्हणून लुकलुक. अशा गरिबीतच त्या काळच्या लोकांनी युक्त्या काढल्या. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) सगळा मिळून ४० किलोबाइट आहे. मोबाइलवरचा एक धड फोटोही त्यात मावत नाही. तिथले ढग आणि झुडपं नीट बघा: एकच चित्र आहे, ढगाला पांढरा रंग आणि झुडपाला हिरवा.

दोघा भावंडांसाठी माझी पहिली पसंती मात्र ‘बॅटल सिटी’, नामको, १९८५. आपण त्याला नुसतं टँक म्हणायचो. दोघांनी मिळून गरुड राखायचा, ३५ लेव्हल, आणि चुकून जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, क्षणभर गारठतो. भांडणासाठी एवढं पुरेसं आहे आणि घर डोक्यावर घेण्याइतकं नाही. त्यात ‘कन्स्ट्रक्शन’ नावाचा पर्याय आहे, विटा-पाणी-झाडी मांडून स्वतःचं मैदान करायचं. ‘एक्साइटबाइक’मध्येही (१९८४) रस्ता बनवता येतो, पण तिथलं ‘सेव्ह’ दाबू नका. ते जपानमधल्या टेपरेकॉर्डरच्या जोडणीसाठी होतं, आपल्याकडे काहीच जपून राहत नाही. ‘रोड फायटर’ आणि ‘सर्कस चार्ली’ सापडले तर घ्या, पाच मिनिटांत आटोपणारे खेळ आहेत, लोडशेडिंगच्या काळात त्यांची किंमत कळायची. ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ देखणा आहे, पण आठ वर्षांच्या पोरासाठी नाही.

नव्या गेमकडे येतो. यांना ‘होमब्रू’ म्हणतात, म्हणजे कंपनीने नव्हे तर एखाद्या-दुसऱ्या माणसाने हौसेने बनवलेले. काहीजण ते विकतात, बरेचजण फाइल फुकट देतात. जर्मनीतल्या मॉर्फकॅट गेम्सचा ‘मायक्रो मेजेस’ (२०१९) सगळ्यात आधी बघा. बुरूज चढत जायचं, चौघांपर्यंत खेळता येतं, दोन रिमोटवर दोघे. त्यांनी मुद्दाम मारिओएवढ्याच ४० किलोबाइटांत तो बसवला. राक्षसाचं अर्धं तोंड साठवून उरलेलं अर्धं आरशासारखं उलटवलं, अशी काटकसर पानोपानी आहे. हा विकत घ्यावा लागतो आणि घ्यावाच. फुकटांत शिरू या टोपणनावाच्या माणसाचे तीन गेम आहेत. ‘लॉन मोवर’मध्ये पेट्रोल संपायच्या आत गवत कापायचं. ‘झूमिंग सेक्रेटरी’मध्ये कचेरीतले फोन उचलत पळायचं. ‘ऑल्टर इगो’ हे कोडं आहे: आरशातल्या प्रतिमेशी जागा बदलत वाट काढायची. अकरा वर्षांच्या मुलाला हा तिसरा द्या, तो तुमच्याआधी सोडवेल. ‘नोव्हा द स्क्विरल’ मोठा आहे, त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅमही, उघडा ठेवलाय. ‘बॅटल किड’ (२०१०) इतका छळतो की मी रिमोट ठेवून चहाला गेलो तो परत आलो नाही.

इथे त्या ५० च्या हिशेबाची गरज पडते. बऱ्याच होमब्रूच्या दोन फाइली मिळतात, एनटीएससी (६० चित्रांच्या टीव्हीसाठी) आणि पाल (५० च्या). आपला टीव्ही पाल, म्हणून माणूस पाल फाइल उचलतो आणि पडद्यावर कचरा दिसतो. कारण असं: एक चित्र संपून दुसरं सुरू होईपर्यंत जी सवड मिळते, तेवढ्यातच गेमला पडद्यावर बदल करून घ्यायचे असतात. जपानी मशीन ही सवड २० ओळींची देतं, युरोपचं पाल मशीन ७० ओळींची. आपल्या डब्याने चित्रं युरोपसारखी ५० केली, पण सवड जपानसारखी २० ओळींचीच ठेवली, कारण त्याला जपानी कॅसेटी चालवायच्या होत्या. पाल फाइल ७० ओळी मिळतील या भरवशावर निवांत काम करत बसते आणि मधेच पडदा रंगायला लागतो. म्हणून आपल्या डब्यावर एनटीएससी फाइल घाला. संथ चालेल, पण चालेल. रशियातही असेच डबे ‘डेंडी’ नावाने गेले, त्यामुळे होमब्रूवाले या जातीला डेंडी म्हणतात. माहितीत डेंडी चालतो असं लिहिलं असेल तर डोळे झाकून घ्या. डेमियन येरिक यांचा ‘थ्वेट’, गाव क्षेपणास्त्रांपासून वाचवायचा खेळ, मशीन ६० चं, पालचं की डेंडीचं हे स्वतः ओळखून आपला वेग जुळवतो.

फाइल मशीनमध्ये कशी घालायची? सोपा आणि महाग मार्ग म्हणजे मेमरी कार्डाची कॅसेट. ‘एव्हरड्राइव्ह एन८’चा फॅमिकॉमसाठीचा ६० पिनांचा अवतार मिळतो. आवडतील ते गेम कार्डावर टाका, कॅसेट खाचेत घाला. आधी संगणकावर ‘मेसेन’ हा एम्युलेटर, म्हणजे संगणकाला जुन्या मशीनसारखं वागवणारा प्रोग्रॅम, घेऊन त्यात रीजन ‘डेंडी’ निवडा आणि गेम तपासा, फुकटात कळतं.

दुसरा मार्ग माझ्यासारख्यांचा. मेलेल्या जुन्या कॅसेटचा पीसीबी (चिपा बसवलेली आतली पाटी) घ्यायचा, जुन्या चिपा उतरवायच्या, ४० किलोबाइटवाल्या गेमसाठी २७सी२५६ (प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट) आणि २७सी६४ (चित्रांसाठी ८ किलोबाइट) या ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा भरता येणाऱ्या चिपा, भरून डाग द्यायचा. पाय जुळतात का ते आधी डेटाशीटवर (चिपेच्या माहितीपत्रकात) बघायचं. ज्या कॅसेटीत चिपेऐवजी काळा डांबराचा ठिपका असतो, तिचा पीसीबी याला उपयोगी नाही. ईप्रॉमच्या पाठीवर काचेची खिडकी असते, त्यातून अतिनील प्रकाश गेला की आतलं पुसतं. पुसायचं यंत्र असतं, पण उघडं ऊनही आठवड्याभरात काम करतं. हे मी अनुभवाने शिकलो. एका मे महिन्यात भरलेल्या तीन चिपा धुऊन ताटात घालून गच्चीवर वाळत ठेवल्या आणि गावी लग्नाला गेलो. दहा दिवसांनी आलो तर तिन्ही कोऱ्या. तेव्हापासून भरल्या भरल्या खिडकीवर स्टिकर लावतो, मग पुढचं काम.

थोरल्याला संगणकाची ओढ असेल तर गेम बनवायलाही बसवा. ‘सीसी६५’ हा फुकट कंपायलर आहे, लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत करून देतो, सी भाषेत लिहिता येतं, शिरूनेच त्यासाठी तयार नमुने दिले आहेत. गाण्यांसाठी ‘फॅमिट्रॅकर’. मी एक छोटा गेम केलाय: टँकर येतो, घागरी भरायच्या, रांगेत घुसणाऱ्याला अडवायचं, टँकर निघायच्या आत. खेळ पंधरा दिवसांत झाला, मराठी अक्षरांनी दोन महिने खाल्ले. मशीनचं चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींचं बनतं, मागच्या पडद्यासाठी अशा २५६ चौकटी. इंग्रजी अक्षर एका चौकटीत बसतं. आपला ‘णी’ लिहायचा तर वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, म्हणजे चौकटींच्या दोन रांगा हव्यात. उकार आला की आणखी खाली. शिरोरेषा एका चौकटीतून दुसरीत तुटता कामा नये, ती सगळीकडे त्याच ओळीवर. बाराखडी भरायला घेतली तर ‘च’पर्यंतच जागा संपत आली. शेवटी बाराखडी सोडली आणि लागतील तेवढेच शब्द चित्रासारखे काढले: ‘पाणी आलं’, ‘टँकर गेला’, ‘रांगेत या’. रंगाचा घोळ वेगळाच. सोळा बाय सोळाच्या चौकात एकच रंगसंच चालतो, त्यामुळे लाल ‘गेला’ला टेकलेली घागरही लाल झाली. घागर एक चौकट सरकवून मिटवलं.

राहिला तो ‘६२० इन १’ डबा. त्यात कॅसेटची खाचच नसते, म्हणजे आत जे कोंबलंय तेच आयुष्यभर, आणि आतली यादी ‘९९९९ इन १’च्याच वळणाची. वर सांगितलेला एकही नवा गेम त्यात घालता येणार नाही. त्या पैशात अडॅप्टर, अल्कोहोलची बाटली आणि भंगारातला टीव्ही येईल.

तुमचा डबा उघडाल तेव्हा पीसीबीचा फोटो काढून पाठवा, चिपेवरचा आकडा वाचता येईल असा. दोन लांब, चाळीस पायांच्या चिपा असतील आणि त्यांवर ६५२७पी, ६५३८ असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू. नुसता काळा ठिपका असेल तर मारिओची वेळ मोजा आणि फोटोसोबत सेकंद कळवा.